पत्ते की घोडे

पार्लर बंद पडून वर्ष उलटलं होतं, तरी गल्लीत तिला सगळे पार्लरवालीच म्हणायचे. गॅसवाला, पोस्टमन, वरच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू, सगळेच. हाक आली की ती ओ द्यायची, पण दर वेळी बुटात खडा गेल्यासारखं बारीकसं काहीतरी टोचायचं.

एके काळी पार्लर चांगलं चाललं होतं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, वाफेचं मशीन, आणि तिचा हात हलका. ही भुवया करते तेव्हा डोळ्यांतून पाणी येत नाही, असं बायका एकमेकींना सांगायच्या. मग कोपऱ्यावर काचेच्या दारांचं मोठं, थंडगार सलून उघडलं आणि वर्षानुवर्षं तिच्याकडे येणाऱ्या बायका तिच्या दारावरून मान खाली घालून पुढे जायला लागल्या. तिने तेव्हाच हार मानली असती तर बरं झालं असतं. तिने केस सरळ करायचं मशीन कर्जावर घेतलं, नव्या खुर्च्या घेतल्या, एका कार्डाचा खड्डा बुजवायला दुसरं कार्ड घेतलं, दुसऱ्याचा बुजवायला तिसरं. नवऱ्याला यातलं काहीच सांगितलं नाही.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. उधारी म्हटलं की हात जोडून मागे सरणारा माणूस. घरातला पंखासुद्धा त्याने पैसे साठवून आणला होता. तोवर तो, ती आणि त्याची आई, तिघंही घामाघूम होऊन बसली होती. बँकेचा माणूस दारात उभा राहिला त्या दिवशी त्याला सगळं कळलं. तो ओरडला नाही. खुर्ची ओढून बसला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अजून काही सांगायचं राहिलंय का?" ती नाही म्हणाली. त्यानंतर तो सुट्टीच्या दिवशीही कामाला जायला लागला. कुठेतरी लिफ्ट अडकली म्हणून फोन आला की भरल्या ताटावरून उठायचा. त्या जादा कामाच्या पैशांतून तिचे हप्ते जात राहिले. त्याने एका शब्दाने तिला बोल लावला नाही. बोलला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

मग एका दुपारी, एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, हातातला पाना खाली ठेवून तो जरा टेकला, तो पुन्हा उठलाच नाही.

घरात उरल्या दोघी, ती आणि सासूबाई. मूलबाळ नव्हतं. सासूबाईंना दुसरं कुणी नव्हतं आणि हिलाही माहेर म्हणावं असं काही राहिलं नव्हतं. तसं पाहिलं तर दोघींना बांधणारा धागा तो एकच होता, आणि तो गेल्यावरही त्या त्यालाच धरून होत्या. जेवायला बसल्या की सासूबाई त्याची एखादी तरी गोष्ट काढायच्या. लहानपणी त्याने घरातलं घड्याळ उघडलं आणि परत जोडल्यावर दोन चाकं उरली, तरी घड्याळ चालत होतं, ही त्यांची आवडती. त्यांच्या तोंडात पुढचे चार-दोन दात शिल्लक होते. हसताना त्या पदर तोंडाला लावायच्या.

हप्ते थकले. पार्लरवाली नोकरी शोधायला लागली. बोलायला चटपटीत, हिशेबाला पक्की, राहणी नीटनेटकी. मुलाखतीत ती कुठेच कमी पडली नाही. कपड्यांच्या मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसायला तिला जवळजवळ घेतलंच होतं. मग म्हणाले, एक सही करा, तुमचा क्रेडिट रिपोर्ट बघतो, पैशांच्या जागेसाठी सगळ्यांचाच बघतो. तिने सही केली आणि त्यानंतर फोन आला नाही. एका शाळेत फीच्या खिडकीवर जागा होती, तिथेही तसंच. शाळेतला कारकून निदान भला माणूस होता. त्याने फाटकापर्यंत येऊन हळूच सांगितलं की बाई, तुमचे हप्ते थकलेत, अशा माणसाच्या हातात पैसे द्यायला संस्था तयार होत नाही. ती घरी आली आणि सासूबाईंना म्हणाली, त्यांना तरुण मुलगी हवी होती.

दातांच्या इस्पितळातली जागा ही तिसरी. दोन मजली इमारत, खाली सहा-सात खुर्च्या, औषधाचा उग्र वास, मशीनची बारीक किरकिर. बिलाच्या काउंटरवर बसणारं माणूस हवं होतं. आधीचा काउंटरवाला पैसे उचलून गेला होता, त्यामुळे इथे फारच काळजीने बघत होते. एचआरच्या मॅडमनी तिला वरच्या मजल्यावर बोलावलं. मॅडम तिच्याहून लहान, बोलायला मऊ. समोरच्या स्क्रीनवर तिचा रिपोर्ट उघडलेला होता आणि स्क्रीन अर्धवट तिच्याकडे वळलेली होती. लाल अक्षरं तिला खुर्चीतूनच दिसत होती.

मॅडम बराच वेळ वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मला आवडलात, म्हणून विचारते. हे सगळं कसं झालं?"

तिने तोंड उघडलं. पार्लर, मशीन, खुर्च्या, कार्डं, सगळं जिभेवर आलं होतं. पण बोलायला लागलो की आपणच आपल्याला नापास करणार, हेही तिला दिसत होतं. तिला शब्द फुटेना. डोळे मात्र भरून आले.

मॅडमनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. आवाज आणखी खाली आणून त्या म्हणाल्या की आमच्याकडे अशा बऱ्याच जणी येतात, कर्ज नावावर बायकोच्या आणि केलेलं दुसऱ्याने. मग त्यांनी विचारलं, "मिस्टर... दारू?"

तिने मान हलवून नाही म्हटलं. तेवढं खोटं तिला जमलं नाही.

"जुगार?"

तिची मान खाली गेली आणि वर आली. एकदाच. हो म्हणायला तोंड उघडावं लागलं नाही.

मॅडमनी सुस्कारा सोडला, रिपोर्ट बंद केला आणि म्हणाल्या, मोठ्या डॉक्टरांशी मी बोलते. आठवड्याच्या आत ती काउंटरवर बसली होती.

पहिले काही दिवस ती स्वतःला समजावत राहिली की आपण काही बोललोच नाही. बोलल्या त्या मॅडम. आणि तो तर गेला. गेलेल्या माणसाला काय कळतं. पण इस्पितळात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. मॅडम दुपारी ज्यांच्याबरोबर जेवायच्या, त्यांत खुर्चीजवळची एक असिस्टंट होती. पोरगी मनाची चांगली, पण तोंड अखंड चालू; पेशंटच्या तोंडात कापूस असला तरी ही त्यांच्याशी गप्पा मारायची, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. चिमणीला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं.

कुणी तिला काही विचारलं नाही. उलट सगळे जपायला लागले. चिमणी डब्यातला अर्धा भाग तिच्या ताटात वाढायची. कवळ्या बनवणारा तंत्रज्ञ, एरवी कुणाशी न बोलणारा, एकदा स्वतःहून म्हणाला की ताई, माझ्या मोठ्या भावाचंही असंच होतं. संध्याकाळी गर्दी कमी असली की 'तुम्ही निघा ताई, दिवसभर दमलात' म्हणून तिला सोडायचे. आणि तिला ते आवडायला लागलं. इतक्या दिवसांनी कुणीतरी तिच्याकडे दोष नसलेल्या बाईसारखं बघत होतं. घरी जाताना मात्र रस्त्यात एखाद्या इमारतीत लिफ्टचा दरवाजा खडखडला, की ती पावलं भरभर उचलायची.

सासूबाईंच्या कवळीचं तिनेच मनावर घेतलं. नोकरांच्या घरच्यांना इस्पितळात सवलत होती. सासूबाई आधी नाही नाही म्हणाल्या, आता या वयात कुणासाठी दात दाखवायचे म्हणाल्या, आणि मग ठरल्या दिवशी धुतलेली साडी नेसून, केस चापूनचोपून बसवून तिच्याआधी तयार झाल्या. उरलेले दात काढणं, जखमा भरणं, सगळं नीट पार पडलं. त्या दिवसांत चिमणी नेमकी रजेवर होती.

ती परत आली मापाच्या दिवशी. पत्र्याच्या साच्यात गुलाबी लगदा भरून डॉक्टरांनी तो सासूबाईंच्या तोंडात दाबून बसवला, घट्ट होईपर्यंत धरून ठेव असं चिमणीला सांगितलं आणि ते शेजारच्या खुर्चीकडे वळले. पार्लरवाली काउंटर सोडून सासूबाईंचा चष्मा द्यायला आली होती. दाराशी पोचली आणि तिला चिमणीचा आवाज ऐकू आला.

"आजी, तुमच्या सुनेचं आम्हाला फार कौतुक वाटतं हो. मुलाने सगळं जुगारात घालवलं, हिच्या नावावर कर्ज करून ठेवलं, तरी ही तुम्हाला सांभाळते. दुसरी असती तर केव्हाच वाटेला लागली असती."

सासूबाईंचं तोंड साच्याने भरलेलं होतं. त्यांना बोलता येणं शक्यच नव्हतं. त्यांचे डोळे तेवढे वळले. चिमणीकडे, मग दाराकडे. दारात सून उभी होती, हातात चष्मा धरून. दोघींची नजर भिडली. सुनेच्या तोंडावर काय होतं कुणास ठाऊक, पण म्हातारीने जे वाचायचं ते वाचलं. मग त्यांनी नजर उचलून छताच्या दिव्याकडे लावली आणि साचा निघेपर्यंत तिथेच ठेवली.

साचा निघाला. त्यांनी चूळ भरली, चिमणीने हनुवटीला लागलेला लगदा पुसला आणि विचारलं, "दुखलं का आजी? डोळ्यांत पाणी आलंय."

"नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी तोंडातलं उरलंसुरलं गिळल्यासारखं केलं. "तसाच होता तो. हिनेच सोसलं सगळं."

पार्लरवाली चष्मा न देताच काउंटरवर परत आली. त्या दिवशी तिने एका पेशंटला जास्तीचे सुटे दिले आणि त्याने ते परत आणून दिले, तेव्हा ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

घरी गेल्यावर आता काय वादळ होणार, म्हणून ती जीव मुठीत धरून होती. काहीच झालं नाही. सासूबाईंनी स्वयंपाक केला, तिला वाढलं, भांडी आवरली. उद्या दूध जास्त घे म्हणाल्या. फक्त त्याची गोष्ट काढली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्यानंतरही नाही. ताटं समोर असायची, दोघी जेवायच्या, चमचा वाजला तरी मोठा वाटायचा. तिने एक-दोनदा 'आई, त्या दिवशी' म्हणून सुरुवात केली. सासूबाई मध्येच म्हणायच्या, मीठ दे. किंवा, खिडकी लाव, धूळ येते. त्या तिला बोलू देणार नव्हत्या, हे तिला कळून चुकलं. कुणी तिच्या अंगावर धावून आलं असतं तर तिला अंग चोरून उभं राहता आलं असतं. इथे अंगावर येणारं कुणी नव्हतं, आणि ती आपल्याच घरात पाहुण्यासारखी भिंतीच्या कडेने वावरत होती.

कवळी बसवायच्या आदल्या संध्याकाळी दोघी पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सासूबाईंनी विचारलं, उद्या किती वाजता यायचं. तिने सांगितलं. मग विचारलं, ती पोरगी असेल का. असेल, ती म्हणाली.

सासूबाईंनी एका टॉवेलची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

"जुगार म्हणजे कसला?" त्या म्हणाल्या. "पत्ते की घोडे?"

तिला आधी कळलंच नाही.

"ती विचारणारच. बोलघेवडी आहे. तू एक सांगितलेलं, मी भलतंच सांगेन, आणि मग तुझी नोकरी जाईल. मला नीट ठाऊक असायला हवं ना, माझा मुलगा काय करायचा ते."

आवाजात राग नव्हता. बाजारातून काय काय आणायचं ते विचारावं, तसा सरळ आवाज. पार्लरवालीच्या हातातला कपडा तसाच राहिला. ती घाईघाईने सांगायला लागली की मी तसं म्हटलेलं नाही आई, त्यांनीच विचारलं, मी नुसती मान हलवली, मी तोंडातून शब्दसुद्धा काढला नाही. बोलता बोलता तिचं तिलाच ऐकू आलं आणि ती गप्प झाली.

"मान हलवलीस ना," सासूबाई म्हणाल्या. "मग झालं. पत्ते म्हणू या. घोड्यांतलं मला काही कळत नाही."

आणि त्या घड्यांचा गठ्ठा उचलून कपाटाकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या आधी बाहेर पडली. कुठे, कशाला, हे सासूबाईंना सांगितलं नाही. वाटलं, आधी मॅडमना खरं सांगून टाकावं, मग सासूबाईंना सांगावं. त्या इस्पितळात पोचायच्या आत हे सगळं निस्तरलेलं असेल, त्यांना त्या पोरीसमोर तोंड उघडावंच लागणार नाही, असा तिचा हिशेब.

पण एचआरच्या मॅडम उशिरा आल्या, आल्या त्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या, आणि ती बाहेरच्या बाकावर हात मांडीखाली धरून बसून राहिली. आत बोलावलं तेव्हा तिने बसायच्या आधीच सांगितलं. माझ्या नवऱ्याने जन्मात पत्त्याला हात लावला नाही. कर्ज माझं आहे. पार्लरपायी केलं, त्याला न सांगता केलं. तो तर ते फेडत होता.

मॅडमचा चेहरा उतरला. त्या रागावतील असं तिला वाटलं होतं. त्या ओशाळल्या, आणि ते बघणं जास्त कठीण होतं. त्या म्हणाल्या की तुमच्यासाठी मी शब्द टाकला, मोठे डॉक्टर तयार नव्हते, मी त्यांना तुमची सगळी कहाणी सांगितली. आता मी त्यांना काय सांगू. ती खाली बघत राहिली. फरशीच्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला होता.

मग तिने विचारलं, "तेव्हाच खरं सांगितलं असतं, धंदा बुडाला म्हणून, तर घेतलं असतं मला?"

मॅडमनी विचार केला. खोटं बोलायचं असतं तर त्या पटकन हो म्हणाल्या असत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "पैशांच्या जागेवर नसतं घेतलं."

मग मॅडमनी सांगितलं की काउंटरच्या किल्ल्या आजच जमा करा. खाली हत्यारं धुऊन उकळायच्या खोलीत एक बाई कमी आहे, पगार उतरेल, चालत असेल तर तिथे बघता येईल. "तिथे रिपोर्ट लागत नाही," त्या म्हणाल्या, आणि हे आपण काय बोललो असं वाटून त्यांनी कागद उगाच सारखे केले.

तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि ती जिना उतरली. मन जरासं हलकं झालं होतं. शेवटच्या पायरीवर तिला सासूबाईंचा आवाज ऐकू आला.

उशीर नको म्हणून त्या वेळेच्या कितीतरी आधी आल्या होत्या. खुर्ची रिकामी होती म्हणून डॉक्टरांनी त्यांना लगेच घेतलं होतं. नवे दात बसले होते. दात नवे असल्याने शब्द जरा अडखळत, शिट्टी वाजल्यासारखे येत होते, पण गोष्ट रंगवून सांगायची सवय जुनी होती. चिमणी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते. शेजारच्या खुर्चीतला पेशंटही कान देऊन होता.

"पत्त्यांचा नाद वाईट," सासूबाई सांगत होत्या. "हे माझे कान बघ. ओकेबोके. मी झोपले असताना कानातले काढून नेले त्याने. सकाळी उठून मला म्हणतो, कुठे पडले असतील, शोध."

पार्लरवाली पुढे झाली. आता मागे फिरून काउंटरवर जाऊन बसावं, असंही क्षणभर तिच्या मनात आलं. मग आठवलं, काउंटर आता आपलं नाही.

"आई, पुरे," ती म्हणाली. "मी वर सांगून आले."

"काय सांगून आलीस?"

"खरं ते."

चिमणी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागली. काय खरं, म्हणाली. तेव्हा पार्लरवालीने तिथेच, डॉक्टरांच्या आणि त्या पेशंटच्या देखत, पुन्हा एकदा सांगितलं. की माझ्या नवऱ्याने कधी जुगार खेळला नाही, कुणाचे कानातले काढले नाहीत, कर्ज माझं होतं. वर सांगताना शब्द सापडले होते, इथे एकेक शब्द ओढून काढावा लागला.

चिमणीने सासूबाईंच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. जोरात नाही, हळूच, तापलेल्या भांड्यावरून काढावा तसा. सासूबाईंनी तोंड मिटलं. नव्या दातांवर ओठ नीट मिटत नव्हते.

घरी जाताना त्या तिच्या पुढे चालत होत्या. एरवी रस्ता ओलांडताना त्या तिचा दंड धरायच्या. त्या दिवशी एकट्याच गाड्यांमधून पार गेल्या. घराच्या जिन्याशी आल्यावर थांबल्या.

"मी माझ्या पोटच्या पोराला चोर म्हटलं," त्या म्हणाल्या. "चार माणसांत. तुझी नोकरी टिकावी म्हणून. आणि त्याच वेळी तू वर जाऊन ती देऊन आलीस."

तिने काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं की आई, मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल.

"मला?" सासूबाई म्हणाल्या. "काल संध्याकाळी मी विचारत होते तेव्हा सांगायचं होतंस. सकाळी निघताना सांगायचं होतंस. मला खोटं पाडलंस ते पाडलंस, आता त्या लोकांना वाटणार, ह्या दोघी सारख्याच."

त्या जिना चढून गेल्या. ती खालीच उभी राहिली. सकाळपासून जो हलकेपणा तिला वाटत होता, तो तिचा एकटीचा होता. त्यात ना त्याचा वाटा होता, ना त्यांचा. हे तिला तिथे, कठड्याला टेकून उभं असताना कळलं.

हत्यारांची खोली मागच्या बाजूला होती. एक मोठी मोरी, एक उकळायचं मशीन, वर छोटी खिडकी, आणि खुर्च्यांच्या दालनाकडे उघडणारी एक झडप, जिच्यातून वापरलेल्या हत्यारांचे ट्रे आत यायचे. ती रबरी हातमोजे घालून दिवसभर घासायची, मशीन भरायची, रिकामं करायची. तिच्याशी कुणी वाईट वागलं नाही. फक्त ती जेवायला गेली की बोलणं थांबायचं आणि मग हवापाण्यावर पुन्हा सुरू व्हायचं. तंत्रज्ञ तर समोर आला की वाट बदलायचा. भावाचं सांगून बसलो याचंच त्याला वाईट वाटत असावं. चिमणी झडपेतून ट्रे सरकवायची आणि अख्ख्या दिवसात तिच्याशी एक अक्षर बोलायची नाही. चिमणीला गप्प राहणं केवढं अवघड, हे ठाऊक असल्याने तिला त्या गप्प राहण्याची किंमत कळत होती.

घरीही तसंच होतं. सासूबाई कामापुरतं बोलायच्या. त्यांनी कवळीही फक्त जेवताना लावायला सुरुवात केली होती.

असे बरेच दिवस गेले. एका सकाळी ती निघत असताना सासूबाई म्हणाल्या की कवळी टोचते, मी आज येणार आहे. ती म्हणाली, मी डॉक्टरांना सांगून ठेवते.

"नको. माझं त्या पोरीशी काम आहे."

दुपारी गर्दी ओसरल्यावर तिला झडपेपलीकडून तो आवाज ऐकू आला. मोरीचा नळ तिने बंद केला. चिमणी म्हणत होती की बसा आजी, कुठे टोचतं दाखवा. आवाज कामापुरता, कोरडा.

"आधी ऐक," सासूबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी कानातल्यांचं बोलले, ते खोटं. कान पिकतात म्हणून मीच काढून ठेवलेत, कपाटात आहेत. त्याने कधी माझ्या वस्तूला हात लावला नाही. भरल्या ताटावरून कामाला उठून जायचा, असा होता तो. ती वर जाऊन तिचं सांगून आली. माझं राहिलं होतं."

मग चिमणीने विचारलं, दबक्या आवाजात, कारण तिला ठाऊक होतं झडपेमागे कोण आहे ते. "पण आजी, त्या असं का बोलल्या? स्वतःच्या नवऱ्याबद्दल?"

"नोकरी हवी होती," सासूबाई म्हणाल्या. "मी तरी दुसरं काय केलं? चल, बघ आता. खालच्या बाजूला टोचतं, डावीकडे."

मग कवळी घासायच्या मशीनची किरकिर सुरू झाली आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

पार्लरवाली हातमोज्यांसकट मोरीच्या काठाला धरून उभी होती. आता बाहेर जायला हवं. जाऊन त्यांच्याजवळ उभं राहायला हवं, चिमणीच्या देखत. पण चेहरा इतका तापला होता, की कानांच्या पाळ्याही जळत होत्या. थोड्या वेळाने झडप सरकली. ट्रेबरोबर चिमणीचा चेहरा दिसला.

"ताई," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी म्हणाली. "आजी बाहेर बाकावर बसल्यात. तुम्हाला बोलवू का म्हणून विचारलं तर काही बोलल्या नाहीत. पण गेल्याही नाहीत."

"सांग त्यांना, मला वेळ लागेल," तिने सांगितलं. "मशीन चालू आहे."

मशीन चालू नव्हतं. चिमणीने तिकडे एकदा पाहिलं, मान डोलावली आणि झडप लावून घेतली.

तिने तो ट्रे धुतला. आधी धुतलेले दोन पुन्हा धुतले. सुट्टी झाली, बाकीचे कपडे बदलून निघाले, साफसफाईवाल्याने दालनातले दिवे मालवायला सुरुवात केली, तेव्हा आत थांबायला तिच्याकडे काही कारण उरलं नाही.

सासूबाई बाकावर बसल्या होत्या. पिशवी मांडीवर, पाय एकावर एक. दुपारपासून तशाच. ती समोर येऊन उभी राहिली. माफ करा, असं काहीतरी तिने घोकून ठेवलं होतं, ते ओठांपर्यंत येऊन थांबलं.

सासूबाईंनी जिभेने हिरडी चाचपली.

"अजून टोचतंय," त्या म्हणाल्या. "नीट घासलं नाही त्या पोरीने."

"उद्या पुन्हा दाखवू," ती म्हणाली, आणि त्यांच्या मांडीवरची पिशवी उचलून घेतली.